येऊन राहिलं

भोयर बाईंचे किस्से मी पुष्कळांना सांगितले आहेत, पण दर वेळी एक गाळून. तो सांगायची वेळ आली की मी सगळ्यांसाठी चहा मागवायचो. आता सत्तरी उलटली, चहाही डॉक्टरांनी बंद केला. तेव्हा सांगून टाकतो.

आमची ओळखही चहावरूनच झाली. मी सांगलीहून भिलाईच्या एका कॉलेजात गायन शिकवायला आलो, तेव्हा कमल भोयर तिथं संगीताचा इतिहास शिकवत होत्या. त्यांचे वडील गोंदियाकडचे, दुर्गच्या लाइनवर रेल्वेत. त्यामुळे बाईंची मराठी अस्सल नागपुरी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बसा सर, चहा येऊन राहिला."

"कुठं राहिला?" मी विचारलं.

बाई इतक्या हसल्या की हातातलं डस्टर पडलं. "अवो सर, कुठी नाही राहिला! येऊन राहिला, म्हंजे येतोय तुमचा चहा!" पुढं वर्षभर मी स्टाफरूममध्ये शिरलो की कुणीतरी विचारायचं, "सर, चाय कहाँ राहिला?"

लेखी पेपराशिवाय वीस मार्क बाईंच्या हातात असत. ते देण्याची त्यांची रीत न्यारी होती. टेबलावर मोबाइल ठेवायचा, नाव दिसू नये म्हणून वर रुमाल टाकायचा आणि एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावायचं. "सांग, केव्हाचं हाय? अन् कावून म्हणतं तसं?" म्हणजे उत्तराबरोबर कारणही द्यायचं. एकदा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आवाज घिसा हुआ है, तो पुराना ही होगा."

"आवाज तर माझाही घिसला, बाबू. मले कोण्या शतकात टाकतं?"

याशिवाय प्रत्येकानं घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून एक गाणं आणायचं, आणि ते त्या माणसाकडे कुणाकडून आलं ते शोधायचं. आमचे विद्यार्थी भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या नोकरीसाठी देशभरातून आलेल्या घरांतले. बाईंच्या वर्गात ओडिया अंगाई यायची, तेलुगू लग्नगीत यायचं, छत्तीसगढी सुआ, म्हणजे पोपटाचं गाणं, यायचं. "सन पुस्तकात भेटते," बाई म्हणायच्या, "पण गाणं कोणाच्या तोंडून आलं, ते घरीच भेटते."

मार्क विद्यार्थ्याच्या वहीत पेन्सिलीनं लिहायच्या आणि शेजारी शेरा. शेरे तीनच. 'नाही आलं', 'येऊन राहिलं' आणि 'आलं'. विद्यार्थी पुन्हा ऐकून आला, की जुने मार्क खोडून नवे. मी विचारलं, "पेन्सिल का, बाई?"

"पोराईचे कान वाढून राहिले ना सर. पेनानं लिवलं तर तिथंच थांबतीन."

'आलं' हा शेरा मी इतक्या वर्षांत दोन-तीनदाच पाहिला. मला तर तो मिळालाच नव्हता. एका गणेशोत्सवात मी दीड तास गायलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरून माझ्याच विद्यार्थ्यांसमोर मोठ्या ऐटीत बाईंना विचारलं, "कसं झालं?"

"येऊन राहिलं, सर," त्या मनापासून म्हणाल्या.

मुलं हसली. मीही हसलो. पण ते मला लागलं, आणि लागून राहिलं.

पुढच्याच वर्षी नेहरू नगरचे एक गृहस्थ, कोचिंग क्लासवाले, मुलीची वही घेऊन प्राचार्यांकडे आले. मुलीला घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ होत्या, पण रुमालाखालचं गाणं ओळखता आलं नव्हतं. वीसपैकी बारा, आणि शेजारी शेरा, 'येऊन राहिलं'. प्राचार्य हिंदीभाषक. मी तोवर विभागप्रमुख झालो होतो, म्हणून त्यांनी मला बोलावलं. बाई वर्गावर होत्या.

"कानडेजी, मराठी तो आपकी भी है. ये क्या लिखा है?"

मला अर्थ ठाऊक होता. त्या अर्थासाठी वर्षभर चेष्टा सोसलेला माणूस होतो मी. 'येतंय' एवढं सांगितलं असतं तर वडील शांत झाले असते. मी म्हणालो, "लिखा है, आकर रह गया."

म्हणजे आलं आणि तिथंच अडकलं. वडील उसळले, "मेरी बेटी अटक गई है?" प्राचार्यांनी वही मिटली. त्या वर्षापासून ते वीस मार्क बरोबर-चूकच्या खुणांवर आले आणि इतिहासाचा पेपर माझ्याकडे. बाईंकडे हार्मोनियमचे तास उरले.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "सर, तुम्ही होते ना आत? तुम्ही त्यायले अर्थ नाही सांगतला?"

"सांगितला," मी म्हणालो. "त्यांनी ऐकलं नाही."

"जाऊ द्या. तुम्ही तरी काय करसान." आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डबाभर सांबारवडी. कानडे सर माझ्यासाठी भांडले, असं त्या सगळ्या स्टाफला सांगत फिरल्या. त्यानंतर दर हिवाळ्यात तो डबा यायचा. कोथिंबीर भरलेली, खुसखुशीत वडी. मी ती खायचो, आणि दुर्दैवानं ती फार चांगली असायची.

निवृत्तीनंतर बाई गोंदियाला बहिणीकडे जायला निघाल्या. सगळं कबूल करायचं ठरवून मी त्यांच्या रिसालीच्या घरी गेलो. वाक्य घोकलेलं होतं. खोके बांधून झाले होते, हार्मोनियम तेवढी बाहेर होती.

"बाई, मला एक सांगायचं होतं."

"सांगसान मंग. आधी गा. मले काही तुमचं गाणं तिकडे भेटणार नाही."

त्यांनी सूर धरला. मी गायलो. मनात ते वाक्य अडकलेलं, त्यामुळे ऐट आणायला जागाच नव्हती, साधंच गायलो. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर बराच वेळ भाता हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आलं, सर."

आयुष्यभर हवा असलेला शेरा हातात पडला, आणि आता सांगितलं तर तो खोडला जाईल असं वाटलं. त्यांनी विचारलं, "काय सांगून राहिले होते?"

"काही नाही. डबा परत द्यायचा राहिला होता."

दोन वर्षांनी गोंदियाहून त्या गेल्याचा फोन आला. डबा अजून माझ्याकडे आहे. आणि बाई, माफी येऊन राहिली. तुमच्या मराठीत नाही. मी प्राचार्यांना सांगितलं होतं, त्या अर्थानं.