गिरजाबाईंची पाठ आणि केबलचा पॅक

पेणजवळच्या हमरापुरात गणपतीला रंग कुणीही देईल, पण गिरजाबाईंच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी त्यांनीच करायची. आणि आखणी चालू असताना टीव्ही लागलेला हवा, तोही त्यांच्या पाठीमागे. बाई टीव्ही बघत नाहीत हो, ऐकतात!

म्हणूनच जुना पॅक बंद पडला आणि केबलवाला प्रणित नवे पॅक सांगायला आला, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. मुलगा नितेश म्हणाला, "खेळाचा लाव." सून अनिता म्हणाली, "मालिकांचा."

"आजीला विचारा की," प्रणित म्हणाला.

"ती कुठं बघते? तिची पाठ असते," नितेश म्हणाला.

"व्हय बाबा," गिरजाबाई न वळता म्हणाल्या, "माझ्या पाठीला काय आवडनिवड नाय."

लागला खेळाचा पॅक. कबड्डी सुरू. गडी निसटला की सामना सांगणारा असा ओरडायचा की पत्रे थरथरावेत. संध्याकाळी अनिता मूर्ती फळीवर मांडायला आली आणि जागीच थांबली.

"आई, बाप्पा दचकलेत!"

खरंच. सगळी ओळ दचकलेली. भुवया वर, बुबुळं मोठी, जणू उंदीर आत्ताच पायाखालून पळाला.

नितेश पोट धरून हसला. गिरजाबाई मात्र आपली बोटं बघत बसल्या. रोह्याचे हैबतराव दोन दिवसांनी मूर्ती न्यायला यायचे होते. दरवर्षी ते इथं येतात ते गिरजाबाईंनी आखलेल्या शांत नजरेसाठीच. ते रिकाम्या हाताने परतले, तर गिरजाबाईंचा हात गेला असं पेणपासून रोह्यापर्यंत होईल. आणि खरोखरच गेला असला तर?

दुसऱ्या दिवशी अनिताने हट्टाने मालिकांचा पॅक लावून घेतला. दुपारभर कुणीतरी रडत होतं. संध्याकाळी बघावं तर गणपतींच्या डोळ्यांत पाणी! गिरजाबाईंनी पदराने आपलेही डोळे पुसले आणि एकदम हसायलाच लागल्या.

"हात नाय गेला गो अनिता! कान सांगतो तसा तो चालतो. बोलव त्या प्रणितला."

प्रणित आला. "आजी, कुठला पॅक?"

"नाव नाय माहीत. जुन्या पॅकात दुपारची एक बाई रांधायची. तोंड कधी बघितलं नाय तिचं, पण तिच्या फोडणीवर माझा कुंचला चालायचा. तू लावत जा, मी सांगते."

टीव्हीकडे पाठ करून त्या बसल्या. प्रणित चॅनल बदलत गेला. "पुढं... पुढं... ह्यो भांडतो, पुढं... थांब! हीच ती. खोबरं खवत्ये बघ!"

तोच पॅक घरात आला. दचकलेल्या नि रडव्या डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात फिरला आणि आखणी नव्याने झाली.

हैबतराव आले. एका मूर्तीसमोर किती वेळ उभे. मग म्हणाले, "नैवेद्याला उशीर झाला तरी हा रागवायचा नाय. वाट बघेल बिचारा."

गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

एक दचकलेला तेवढा नितेशने लपवून ठेवला होता. "हा आपल्या घरचा. ह्याला कबड्डी आवडते."

"बरं," गिरजाबाई म्हणाल्या, "मग त्याला तुझ्या मोबाइलवर दाखव. माझ्या पाठीमागं नको."