दारावरची जुडी

माझे दाजी व्हर्लिन स्टँपर यांनी जन्मभर तंबाखू पिकवला. पान पिवळं पडल्याशिवाय सुरा लावायचा नाही, हा हट्ट त्यांच्या हाडीमाशी मुरलेला. तंबाखूचा भाव बसला तेव्हा केंटकी राज्याचा परवाना काढून त्यांनी हेम्प लावला, म्हणजे नशा न देणारी भांग, औषधी तेलासाठी. त्यातही ते पान पिकायची वाट बघत बसले. या पिकाचं सगळं उलटं, जास्त पिकू दिलं की नशेचा अंश वाढतो. मी घसा फोडून सांगितलं होतं, पण मेहुणीचं ऐकतंय कोण?

कापणी होऊन पीक कोठारात टांगलं, आणि मग सरकारी तपासणीचा निकाल आला. नमुन्यातला नशेचा अंश मर्यादेबाहेर गेला होता. सगळं पीक तपासनिसासमोर जाळा, असा हुकूम. चुकून झालं म्हणून एवढ्यावर भागत होतं. मात्र त्यातली काडी जरी मागे ठेवली, तर तो गुन्हा. परवाना जाणार, वर पोलीस.

आणि आमच्याकडे काडी नाही, अख्खी जुडी होती. कापणीची पहिली जुडी स्वयंपाकघराच्या दारावर टांगायची, ही आमच्या खोऱ्यातल्या तंबाखूवाल्यांची रीत. दाजींच्या वडिलांनी बांधलेल्या जुड्या अजून तिथे काळ्या पडून लटकतात. त्यांच्याच शेजारी दाजींनी हेम्पची लावली होती. ती पिकात मोजली जाईल हे त्यांच्या मनातही आलं नाही. माझं लक्ष गेलं तेव्हा तपासनीस मर्ना टॅकेट दारात उभी होती.

बाहेर ढीग पेटला होता. माझ्या बहिणीने, डेसीताईने, मर्नाला कॉफी दिली. मर्नाही तंबाखूवाल्याचीच पोर, तिची नजर सरळ दारावर गेली. मग खाली आली.

"काका, मी आग बघून येते. वेळ लागेल जरा. आल्यावर कागद पुरे करू."

ती गेली. मी दाजींना हलवलंच. "ऐकलंत ना? पोरगी मुद्दाम पाठ फिरवून उभी आहे. टाका ती चुलीत!"

दाजी स्टुलावर चढले, गाठ सोडली. मी सुटकेचा श्वास घेतला. पण ते चुलीकडे वळलेच नाहीत. जुडी हातात घेऊन तडक अंगणात गेले आणि मर्नाच्या डोळ्यांदेखत ती आगीत टाकली.

"ही पण त्यातलीच. घरात ठेवली होती. लिही."

"काका, मी काही विचारलं का तुम्हाला?" ती रडकुंडीला आली.

"नाही विचारलंस, म्हणून तर सांगतोय. माझ्यापायी तू, काही मागे ठेवलं नव्हतं म्हणून, खोटी सही करणार होतीस."

"पोलीस येतील हो!"

"येऊ देत. घर माहीत आहे त्यांना."

तिने लिहिलं. परवाना गेला, दाजी कोर्टाच्या पायऱ्या चढले. मला तिचा भयंकर राग आला, अजूनही येतो. पण त्या दिवशी सही झाल्यावर दाजींनी तिलाच जेवायला थांबवलं, आणि तिच्या ताटात घेवड्याची उसळ स्वतः वाढली.