नवी लेन्स आणि कौसाकाकूंची गाय

फोटोवाल्या दोस्तांनो, माझी नवी ०.९५ची, हातानं फोकस करायची मॅन्युअल लेन्स आज पेडगावात पार तोंडावर पडली.

शेजारच्या कौसाकाकूंची गाय पहाटे व्याली. त्यांचा लेक सुदाम ऊसतोडीला लांब गेलाय, त्याला फोटो पाठवायचा होता. गोठ्यात अंधार अन् फ्लॅशनं गाय बुजते. म्हटलं, अंधारातही फोटो काढणाऱ्या नव्या लेन्ससाठी हाच मोका! काकू गाईवर हात ठेवून वासराच्या मागं उभ्या राहिल्या. मी रिंग फिरवून वासराच्या डोळ्यावर फोकस केला. एकेक पापणी मोजून घ्या, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर. मी लय खूश.

काकूंनी स्क्रीन पाहिली. "वासरू झ्याक हाय रे. पण गाय कुठं गेली?"

मग वासराला दारातल्या उजेडात आणलं, गाय आपोआप मागं आली. मागचंही स्वच्छ यावं म्हणून नव्या लेन्सचं ॲपर्चर, म्हंजी उजेडाचं भोक, कमी करून पाहिलं, पण तिची फोकसची रिंग लय फिरवावी लागते, तेवढ्यात वासरू हलतं. शेवटी जुनी १.४ची लेन्स लावली. तिची माझ्या बोटांना सवय हाय. ॲपर्चर चारवर नेलं अन् वासरू, गाय, काकू, तिघंही स्वच्छ आले.

फोटो पाठवला. दहा मिनिटांत सुदामचा व्हॉइस मेसेज.

"आई, वासरू नंतर बघतो. तू किती वाळलीस गं? जेवायलीस का न्हाई?"

काकू पदरानं डोळे पुसत हसल्या. आत जाऊन भाकरी वाढून आणली अन् दारातच बसल्या.

"माझा जेवतानाचा एक काढ. अन् लगेच धाड त्याला."

आता तुमीच सांगा, काकू अन् ताटातली भाकरी दोन्ही सुदामला स्वच्छ दिसायला ह्या फोटोला मी कोणती लेन्स लावली असेल?