मतं मागून आलेला जज्ज

दाव्याला मुदत असते, किस्स्याला नसते. नगरच्या कोर्टात सगळी उमर घालवून मला नीट कळलेला कायदा तो एवढाच! निकाल विसरले जातात, वकील विसरले जातात, वकिलाची फी तर पक्षकार त्याच दिवशी विसरतो. पण बाररूममध्ये कुणी चहा सांगितला की आबासाहेब टाकळकरांचा एखादा किस्सा निघतोच. आणि एक निघाला की बाकीचे मेंढरांसारखे त्याच्या मागून येतात.

आबासाहेब मूळचे कर्जतकडचे, आमच्याच बारचे वकील. आधी आमदार झाले, मग तुरुंगात गेले, मग जज्ज झाले आणि शेवटी मुंबईच्या हायकोर्टात जाऊन बसले. स्वातंत्र्यानंतर ते नगरलाच जज्ज म्हणून आले, तेव्हा अख्खा जिल्हा एकच गोष्ट बोलत होता. ज्याने दारोदार हिंडून मतं मागितली, तो न्याय कसा देणार? खरं तर घरच्या जिल्ह्यात जज्ज नेमायची रीत नव्हती, पण तेव्हा माणसांची टंचाई होती. आबासाहेबांच्या कानावर हे बोलणं होतंच. मला एकदा म्हणाले, "आमदाराला निम्म्या लोकांनी शिव्या दिल्या तरी त्याचं चालतं. जज्जाचं तसं नाही. त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला विश्वास वाटला नाही, तर त्याने घरी गेलेलं बरं."

०

सदतीस सालच्या निवडणुकीतली गोष्ट. कर्जतच्या बाजारात आबासाहेबांची सभा होती. एका शेतकऱ्याने उठून विचारलं, आमच्या वस्तीला रस्ता कधी करणार? कुठलाही उमेदवार 'निवडून द्या, लगेच करतो' म्हणाला असता. हे म्हणाले, "रस्ता माझ्या हातात नाही. मी मागेन, भांडेन. नाहीच झाला तर नगरला माझ्या घरी या आणि मला शिव्या द्या. चहा मी पाजीन."

आम्ही कार्यकर्त्यांनी कपाळावर हात मारला. गेली म्हटलं सीट! तर हे चांगले निवडून आले.

रस्ता काही झाला नाही. एके दिवशी कर्जतची मंडळी खरंच नगरला आली आणि ओसरीवर बसून त्यांनी आबासाहेबांना मनसोक्त शिव्या दिल्या. चहा आला. कप खाली ठेवून त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "पुढच्या खेपंला बी तुमीच उभं ऱ्हावा. शिव्या द्यायला असा मानूस गावत न्हाई."

०

सभागृहात पहिलं अधिवेशन संपेपर्यंत आबासाहेबांनी तोंड उघडलं नाही. नगरमध्ये टिंगल सुरू झाली, की आपण माणूस पाठवला की पुतळा? मी जरा भीत भीतच त्यांना कारण विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मला जे बोलायचं होतं ते दोघे जण आधीच बोलले. मी तिसऱ्यांदा बोलून काय झालं असतं? भाषण झालं असतं."

पुढच्या अधिवेशनात कुळांच्या कायद्यात त्यांनी एक कलम घालायला लावलं, मसुदा स्वतः लिहिला आणि त्यासाठी असे बोलले की विरोधी बाकांवरच्या लोकांनीही बाकं वाजवली. ते कलम लक्षात ठेवा, त्याने पुढे मोठा घोळ केला.

०

बेचाळीसच्या चळवळीत ज्या मॅजिस्ट्रेटने आबासाहेबांना शिक्षा ठोठावली, ते गृहस्थ नंतर बढती मिळून नेमके आबासाहेबांच्याच हाताखाली आले. काळ कसा फिरतो बघा! बिचारे हजर व्हायला आले ते टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. शिरस्तेदारापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे दाराशी घुटमळत होते. मीही तिथेच होतो, उगाच कशाला खोटं बोलू!

आबासाहेबांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तुमचा निकाल मी तुरुंगात नीट वाचला. कायद्याने अगदी बरोबर होता."

त्या गृहस्थांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आबासाहेब पुढे म्हणाले, "फक्त फार लांब लिहिलात. मला आत टाकायला एवढं समजवायची गरज नव्हती."

०

जज्ज म्हणून आबासाहेबांचा पहिलाच आठवडा. कर्जतचा नामदेव पैलवान, ज्याने निवडणुकीत त्यांच्यासाठी सगळा तालुका पायाखाली घातला होता, तो अपिलात पक्षकार म्हणून उभा राहिला. वाटेत भेटेल त्याला सांगत आला होता, "आपल्या आबाचं कोर्ट हाय. आता काय काळजी न्हाई."

पुकारा झाल्यावर त्याने बाकाला टेकून मोठ्याने विचारलं, "वळखलं का आबा?" समोरच्या बाजूच्या वकिलाने तर कागद आवरायला घेतले होते.

आबासाहेबांनी चष्मा काढला. "ओळखलं नामदेवराव. तुम्हाला कसा विसरेन? आणि म्हणूनच तुमचं अपील मी चालवणार नाही." तिथल्या तिथे काम दुसऱ्या जज्जांकडे गेलं.

नामदेव बाहेर येऊन कट्ट्यावर बसला तो बराच वेळ उठेना. मी त्याची समजूत घालायला गेलो, तर म्हणाला, "ह्याच्यापरीस वळखलं नसतं तर बरं हुतं की वो."

०

आता त्या कलमाकडे येऊ. एका कुळाचं अपील चाललं होतं आणि सगळी भिस्त आबासाहेबांनीच लिहिलेल्या त्या कलमावर होती. कुळाच्या वकिलाने मुंबईहून सभागृहाच्या कामकाजाचं छापील पुस्तक मागवलं आणि आबासाहेबांचंच भाषण त्यांना वाचून दाखवलं. कलमाचा हेतू काय, ते कुणासाठी, सगळं त्यात होतं. वकील मग हसून म्हणाले, कलम करणाराच आज न्यायासनावर आहे, आणखी पुरावा काय द्यायचा?

आबासाहेब म्हणाले, "भाषण माझंच आहे, आणि मला ते अजून पटतं. पण सभागृहाने माझं भाषण पास केलं नाही. हे कलम पास केलं."

आणि भाषणात सांगितलेली, या कुळाला लागणारी नेमकी तेवढीच सोय कलमात लिहायची राहून गेली होती. कूळ हरलं. निकालात आबासाहेबांनी लिहिलं, "हे कलम लिहिणाऱ्याने पुरेसा विचार केलेला दिसत नाही. सरकारने ते त्वरित दुरुस्त करावे." स्वतःवर असा ताशेरा ओढणारा दुसरा जज्ज मी पाहिला नाही. पुढे ते कलम दुरुस्त झालं. त्या दुरुस्तीसाठी मुंबईला आबासाहेबांनी किती चपला झिजवल्या, हे मात्र ते कधी बोलले नाहीत.

०

सोनईजवळच्या एका गावात विहिरीच्या वादाची स्थळपाहणी होती. ऊन असं की जमिनीवर पाय ठरेना. साहेबांनी आणलेलं पाणी वाटेतच संपलं. विहिरीवरचा वाद म्हणजे सगळं गाव दोन तटांत वाटलेलं. एका वाड्यातून केशर घातलेलं दूध आलं, दुसऱ्यातून वाळ्याचं सरबत. आबासाहेबांनी दोघांना हात जोडले. आम्ही वकील घशाला कोरड पडून त्या सरबताकडे बघत राहिलो.

गावाच्या कडेला मिशनच्या शाळेतले एक ख्रिस्ती मास्तर राहायचे. आबासाहेब तडक त्यांच्या दारात गेले आणि पाणी मागितलं. मास्तर गोंधळले. हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, आमच्या घरचं पाणी गावात कुणी पीत नाही."

"मास्तर," आबासाहेब म्हणाले, "या गावात पक्षकार नसलेलं घर हे एकच दिसतंय." ते उंबऱ्यावर बसले, तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले आणि पुन्हा मागितलं. दोन्ही तटांचे लोक रस्त्यावर उभे राहून बघत होते. मग आम्हीही एकेक करून पुढे झालो. तसं थंडगार पाणी मी पुन्हा प्यायलो नाही.

०

आता शेवटचा. हा सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, कारण यात मी आबासाहेबांच्या धाकट्या भावाचा वकील होतो.

भाऊ यशवंतराव गावी शेती बघायचे. त्यांच्या बांधाला लागून गोदाबाई नावाच्या विधवेचं शेत होतं. मधल्या एका पट्टीवरून दावा लागला. बाईचं म्हणणं, की यशवंतरावांच्या वडिलांनी ती पट्टी तिच्या नवऱ्याला दुसऱ्या जागेच्या बदल्यात तोंडी दिली होती. कागद नाही. देणारा गेला, घेणाराही गेला. तिची सगळी ओलिताची जमीन म्हणजे ती पट्टीच, कारण विहीर तिच्यात होती. पट्टी गेली की बाईने पोरं घेऊन कुठे तरी मजुरीला जायचं, एवढंच उरत होतं.

दावा सबजज्जांपुढे होता. आबासाहेबांना तेव्हा नुकतंच हायकोर्टाचं बोलावणं आलं होतं आणि ते सामान बांधत होते. कायद्यात तेव्हा एक वाट होती. पक्षकाराने सांगावं, अमक्याला विचारा, तो म्हणेल ते मला बंधनकारक. पुरावा संपत आला आणि गोदाबाई अचानक उभी राहिली. म्हणाली, "जज्जसायबास्नी इचारा. देवानघेवान झाली तवा ते थितंच हुते. त्ये म्हनतील त्ये मला कबूल."

सबजज्जांना वाटलं आपल्याच कानांत काही बिघाड झाला. तिच्या वकिलाने तिचा पदर ओढून खाली बसवलं आणि दबक्या आवाजात झापलं, की बाई, ते यशवंतरावांचे सख्खे भाऊ आहेत, जमीन एकत्र आहे, त्यांचाही त्यात हिस्सा आहे! ती पुन्हा उठली आणि तेच बोलली. इकडे मी मनातून हरखलो. मासा आपण होऊन जाळ्यात आला होता. यशवंतराव माझ्याकडे बघून हसले आणि आम्हीही ते कबूल असल्याचं लगेच सांगितलं.

आबासाहेब साक्षीला आले. सगळी बाररूम कोर्टात लोटली होती. त्यांना बघताच सबजज्ज गडबडीने उठले. आबासाहेब पिंजऱ्यात चढत म्हणाले, "आपण बसा. आज उभं राहायची पाळी माझी आहे."

शपथ झाली. प्रश्न एकच होता, पट्टी कुणाची? त्यांनी भावाकडे बघितलं. या भावाला त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, हे कोर्टातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पिंजऱ्याचा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"वडिलांनी ती माझ्यासमोर यांच्या नवऱ्याला दिली. पट्टी गोदाबाईंची आहे."

यशवंतराव उठले आणि कुणाकडे न बघता चालते झाले. ते पुढे कित्येक वर्षं थोरल्या भावाच्या घराची पायरी चढले नाहीत. सबजज्जांनी मला विचारलं, उलटतपास? मी उभा राहिलो. नकारार्थी मान हलवली आणि खाली बसलो. आबासाहेब पिंजऱ्यातून उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

दावा हरून मी बाहेर आलो. गोदाबाई लिंबाखाली बसून भाकरीचं फडकं सोडत होती. मला राहवेना. मी तिच्यापुढे जाऊन विचारलं, "बाई, सख्ख्या भावाविरुद्ध ते खरं बोलतील, असा भरवसा कसा धरलात? त्यांच्या पक्षाच्या होता काय? निवडणुकीत मत दिलं होतंत त्यांना?"

"मला कुठलं मत, वकीलसायेब?" ती म्हणाली. "तवा जादा शेतसारा भरनाऱ्यास्नीच मत हुतं. आमच्या दारात मागाया बी कुनी आलं न्हाई."

तिने भाकरी मोडली, अर्धी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आज दिलं."