आधी गळती मोजणारे काका

पाटकरी काका कुठल्याही भांडणाची सुरुवात स्वतःची चूक सांगून करत. काकूंशी आमटीतल्या मिठावरून वाजलं तरी आधी म्हणत, "बाजारातून यायला मला उशीर झाला, ते माझं चुकलं. ते झालं. आता मिठाचं बोलू." समोरचा माणूस गडबडून जाई. त्यानं भांडणासाठी जमवलेलं अर्धं सामान काकांनी आधीच उचललेलं असे.

ही सवय नोकरीतली होती. पाटबंधारे खात्यात ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचं, ते बघायचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पळसदरीपासून कर्जतपर्यंत त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. ते सांगत, "तोंडाशी किती पाणी सोडलं ते कोणपण सांगंल. शेवटच्या शेतात किती पोचलं ते सांग. मधलं गेलं कुठं? आधी गळती मोजायची गं, मग बढाई मारायची."

आमचं घर त्यांच्या शेजारी. मी कर्जतला इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेज संपवलं आणि बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत घरी बसले. मला लोकांशी बोलायला जमत नाही. गावात त्याला शिष्टपणा म्हणत. काकांना मात्र ते आवडे. "तू बोलत नाय ते बरं हाय," ते म्हणाले होते. "लिहिणाऱ्यानं जास्त बोलू नाय."

लिहिण्याचं प्रकरण त्यांच्या मोबाइलमुळे सुरू झालं. पुण्याच्या मुलानं त्यांना फोन दिला होता आणि त्यावर त्यांना एक चॅनेल सापडलं. भारत आणि पाकिस्तान यांतला कुठला देश किती पुढे गेला, यावर तिथे व्हिडिओ असत: रस्ते, वीज, गव्हाचा भाव, इस्पितळं. खाली दोन्हीकडचे शेकडो लोक इंग्रजीत भांडत. काका एक-एक अक्षर लावत वाचायचा प्रयत्न करत. एकदा त्यांनी मला पडवीत बोलावलं. "हे बघ जरा. हे लोक विकासावर भांडतायत का एकमेकांच्या आईवर?"

मी वाचून सांगितलं, "जास्त करून आईवर."

"मग आपण विकासावर भांडू. तू लिही."

त्यांनी सांगितलेला पहिला मजकूर मला अजून आठवतो. आमच्या गावचा रस्ता झाला, दोन पावसाळे टिकला. वरच्या ठाकूरवाडीला रस्ता नाही. आजारी माणसाला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन दीड तास उतरावं लागतं. मागच्या वर्षी एक बाई वाटेतच गेली. ही आमची गळती. आता तुमची सांगा, मग कोण पुढे ते ठरवू.

आपल्याकडच्यांनी लिहिलं, लाज वाटत नसेल तर तिकडेच जा. तिकडच्यांनी लिहिलं, बघा, त्यांचाच माणूस कबूल करतोय. काकांनी दोन्ही मला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "गळती कोणीच नाय सांगितली."

तिसऱ्या दिवशी एकानं सांगितली. बशीरसाहेब म्हणून कोणी निवृत्त शाळामास्तर होते, तिकडच्या पंजाबात एका कालव्याकाठी राहणारे. त्यांनी लिहिलं, आमच्या गावात मुलींच्या शाळेची इमारत आहे, दोन वर्षं बाई नाही. कालवा तुमच्यापेक्षा मोठा आहे, पण वरचे जमीनदार पाणी ओढून घेतात, आमच्या टोकापर्यंत चिखलच येतो. काका उठून उभे राहिले. "टेलवाला हाय गं हा! टेलचा माणूस!" कालव्याच्या शेवटच्या टोकाला खात्यात टेल म्हणतात, आणि तिथला शेतकरी काकांच्या मते खरं बोलणारा एकमेव शेतकरी.

त्यांची दोस्ती वगैरे झाली असं मी म्हणणार नाही. ते खरोखर भांडत. आठवड्यातून दोन-तीनदा, मी पायरीवर आणि काका आरामखुर्चीत. बशीरसाहेबांनी भारतातल्या मुसलमानांना कसं वागवलं जातं ते विचारलं, तेव्हा काका संतापले. "त्याला लिही, आधी तुमच्याकडून बंदुका घेऊन येतात त्यांचं बोल." मी लिहिलं. पंधरा दिवस तिकडून काही आलं नाही. काका रोज विचारत, "टेल कोरडा का?" मग एक ओळ आली: तुमच्या वाडीचा रस्ता सुरू झाला का? काकांनी बराच वेळ खिशातली तंबाखूची पुडी चाचपली. "लिही, नाय झाला. आणि लिही, त्यांनी मागं मुसलमानांचं विचारलं त्यात थोडं खरं हाय."

या वादाचे नियम काकांनी घालून दिले होते. दुसऱ्याचा फोटो पाठवायचा नाही. स्वतः जाऊन, स्वतः काढायचा. जागेचं अंतर द्यायचं. आयुष्यभर त्यांनी कालव्यावरची प्रत्येक मोरी, प्रत्येक भगदाड कुठून किती मीटरवर आहे ते लिहून ठेवलं होतं. अंतराशिवाय जागा सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी गप्पा मारणं. आणि शेवटचा नियम माझ्यासाठी. लिहून झालं की मजकूर इंग्रजीत तीनदा वाचून दाखवायचा, मग मराठीत अर्थ सांगायचा. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "सही." तोवर पाठवायचं नाही.

वाडीच्या वाटेवर एक साकव आहे, ओढ्यावरचा पायपूल. नवा बांधून वर्षही झालं नव्हतं आणि त्याचा एक खांब धुपून कलला. काका सत्तरीत, तरी काठी टेकत वर गेले आणि फोटो काढून आणला. मजकूर सांगितला: पुलाच्या वरच्या अंगाला दोनशे मीटर, साकव, खांब कललेला, वाडीची पोरं शाळेत जाताना ओढ्यातून जातात. मी लिहायला लागले तेव्हा मनात आलं, तिकडच्या माणसाला हा पूल कुठला ते कसं कळणार? गावात पूल म्हणजे रेल्वेचाच पूल, हे आम्हाला माहीत. म्हणून मी स्वतःहून घातलं: पुण्याकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरच्या रेल्वे पुलापासून. वाक्य नीट दिसू लागलं. मी तीनदा वाचलं. मराठीत अर्थ सांगताना तेवढा तुकडा मी सांगितला नाही. सांगण्यासारखा वाटला नाही. काका म्हणाले, "सही."

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी सीमेवर पेटलं. बातम्यांमध्ये नकाशे, सायरन, अंधार केलेली शहरं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ झेंडे. अशात जितूशेठनं त्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. जितूशेठ आमच्याकडचा प्लॉटचा दलाल, फार्महाउसवाल्यांना जमिनी दाखवणारा. तो साकव त्याच्या मेव्हण्यानं बांधला होता. स्क्रीनशॉटमध्ये काकांचा फोटो, माझं वाक्य आणि खाली बशीरसाहेबांचं उत्तर होतं. वर त्यानं लिहिलं होतं, आपल्या गावातला माणूस रेल्वे पुलाचा पत्ता दुश्मनाला देतोय, जागे व्हा.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पोलीस आले. मी काकूंबरोबर स्वयंपाकघरात होते. एक अधिकारी आणि दोन शिपाई, तिघंही नीट बोलत होते. तेच जास्त भयंकर वाटत होतं.

"हे इंग्रजी कोणाचं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझं," काका म्हणाले.

"शिक्षण किती?"

"नववी. नापास."

"आणि इंग्रजी लिहिता?"

"खात्यात तीस वर्षं काढली, साहेब. रिपोर्ट लिवायला लागायचे."

"मग वाचा बघू हे."

काकांनी फोन लांब धरला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, म्हणून मला दिसलं. ते फोनकडे बघत नव्हते. नजर फोनच्या वर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती. आणि ते म्हणू लागले, मी तीनदा वाचून दाखवलेलं, त्याच क्रमानं, मी जिथे थांबले होते तिथेच थांबत. "टू हंड्रेड मीटर्स अपस्ट्रीम ऑफ द रेल्वे ब्रिज, ऑन द मेन लाइन टू पुणे..." मेन लाइनपाशी त्यांचा आवाज किंचित अडखळला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना कळलं की हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पण ते पुढे म्हणत राहिले, शेवटपर्यंत.

अधिकाऱ्यानं दाराकडे बघितलं. "घरात अजून कोण?"

"ही बायको. आणि ही बाजूची पोरगी, बायकोला मदतीला येते."

मला तीन शब्द बोलायचे होते: ते मी लिहिलं. बँकेची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. पोलिसांचा दाखला लागणार होता. वडील मुंबईहून रोज थकून येतात, त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि ती मी नंतर जमवलेली नाहीत. त्याच मिनिटाला ती डोक्यात होती. मी ट्रे खाली ठेवला आणि आत गेले.

काकांना तीन दिवस पोलीस ठाण्यात बोलावलं. सकाळी जायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी यायचं. काही सापडलं नाही, गुन्हाही नोंदला नाही. फोन तपासासाठी ठेवून घेतला. अधिकारी म्हणाला म्हणे, "काका, या वयात हे वाद कशाला? नातवंडांशी खेळा."

चौथ्या दिवशी मी पडवीत गेले. "काका, ते रेल्वेचं वाक्य मी घातलं होतं."

"ठाऊक हाय."

"मी जाऊन सांगते."

"कोणाला? मी सही म्हणालो का नाय? मोजणीच्या वहीवर सही ज्याची, चूक त्याची. तू लिहिणारी." मग म्हणाले, "आता इकडं येत जाऊ नको गं. लोक बघतात."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण वाटलं ते तसंच वाटलं.

गावानं त्यांना काही केलं नाही, म्हणजे कोणी अंगावर आलं नाही. ते चहाच्या टपरीवर गेले की बाकावरचे लोक एकेक करून उठत, कोणाला दूध आणायचं असे, कोणाला गाडी पकडायची असे. फाटकावर कोणीतरी कोळशानं 'पाकिस्तानी' लिहिलं. काकूंनी पुसलं. आठवड्यानं पुन्हा लिहिलं. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा बांधायचं काम वर्षानुवर्षं काकांचं. गाठ अशी बसे की एका झटक्यात झेंडा उलगडे. त्या वर्षी गुरुजी आदल्या दिवशी येऊन म्हणाले, "काका, यंदा राहू द्या. वातावरण बरं नाही." सकाळी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पडवीत बसले होते. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू आलं तेव्हा ते उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. गीत संपल्यावरही ते बराच वेळ बसले नाहीत.

त्या दिवसांत मी एकदा माझ्या फोनवर ते चॅनेल उघडलं. बशीरसाहेबांनी तीन वेगवेगळ्या व्हिडिओंखाली तेच विचारलं होतं: पाटकरीसाहेब बरे आहेत का? तिसऱ्या वेळी पुढे लिहिलं होतं, शाळेला बाई मिळाली, त्यांना कळवा. खाली दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या. मी ते वाचलं आणि चॅनेल बंद केलं. शाळेला बाई मिळाल्याचं काकांना मी सांगितलं नाही. लोक बघतात, असं त्यांनीच म्हटलं होतं ना.

मला नोकरी लागली, खोपोलीच्या शाखेत. काका कालव्यावर फिरायला जायचे बंद झाले, मग जेवण कमी झालं, मग खोकला. दिवाळीनंतर त्यांना कर्जतच्या दवाखान्यात ठेवलं. तिथून ते परत आले नाहीत.

तेराव्याला मांडवात बरीच माणसं होती. जिवंतपणी बाकावरून उठून जाणारे सगळे होते. जितूशेठही आला आणि हात जोडून सर्वांदेखत म्हणाला, "काका देवमाणूस. मध्यंतरी जरा गैरसमज झाला, पण गावानं मनात काही ठेवलं नाही."

मी उभी राहिले. आईनं माझी ओढणी ओढली. मी म्हणाले, "गैरसमज नाही. रेल्वे पुलाचं वाक्य काकांचं नव्हतं. ते मी लिहिलं. त्यांना तेवढं इंग्रजी येतच नव्हतं, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं." माझा आवाज किती बारीक आहे ते मला पहिल्यांदाच कळलं. मग एक म्हातारे म्हणाले, "बस गं पोरी खाली. आता काय त्याचं," आणि वाढप्यांना हाक गेली. जितूशेठ भात मागून घेत होता.

माणसं पांगल्यावर मी काकूंकडे गेले. त्या मागच्या दारी पत्रावळी गोळा करत होत्या. मी वाकून हातभार लावू लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "दोघं बसून लिवायचात, चहा मीच देत होते ना. मी बोलणार होते साहेबाला. पोलीस गेल्यावर ह्यांनी मला शपथ घातली, त्या पोरीचं नाव तोंडातून काढायचं नाय. स्वतःच्या गळ्याची शपथ. मग मी काय बोलणार? फाटक पुसत बसले. रोज वाटायचं, आज तरी ही येईल आणि चार लोकांत सांगंल."

त्यांनी पत्रावळींचा ढीग हातानं दाबला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"मला शपथ होती गं. तुला कोणी घातली होती?"