चौरंगावरचं पाच रुपयांचं नाणं

"मशीनवर घासलंय हे, ताई. बनावट आहे," असं म्हणून मी नाणं काउंटरवर परत ठेवलं.

समोरच्या बाईंचा चेहरा पडला. मोरिवलीहून आल्या होत्या. उल्हासनगरातल्या माझ्या दुकानात लोक जुनी नाणी तपासायला आणतात. बहुतेकजण मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघून लाखाची स्वप्नं घेऊन येतात. त्यामुळे माझं तोंड जरा लवकर सुटतं.

पण या बाईंनी भाव विचारलाच नाही.

"म्हणजे आमचे हे खोटं बोलले?"

मग सगळं कळलं. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात धातूचे भाग दाबून बनवणाऱ्या प्रेसवर होता. दोन वर्षांपूर्वी गेला. जुनं, जाडजूड पाच रुपयांचं हे नाणं त्याला भाजीच्या सुट्ट्या पैशांत मिळालेलं. छाप एका अंगाला सरकलेला, कडेला चंद्रकोरीसारखी कोरी जागा. टांकसाळीची चूक नशिबानं आपल्या हाती आली, म्हणून त्यानं ते देवघरात ठेवलं. धाकटा दीर मात्र म्हणायचा, दादानंच कारखान्यात बनवलंय. यंदा त्यानं बजावलं होतं, लक्ष्मीपूजनाला चौरंगावर खोटं नाणं नको.

"काट्यावर तरी ठेवून बघा ना," बाई म्हणाल्या.

मला लाज वाटली. नुसती चकाकी बघून मी निकाल दिला होता. वजन केलंच नव्हतं.

टांकसाळीत कोऱ्या चकतीवर दोन्ही बाजूंनी ठसे दाबतात. चकती जागेवर नीट बसली नाही, तर छाप सरकतो. धातू मात्र तेवढाच राहतो. कुणी घासून कोरी जागा केली, तर वजन चांगलंच घटतं. हे नाणं नऊ ग्रॅमचं असतं. काट्यानं किंचितच कमी दाखवलं, वापरानं झिजतं तेवढं. भिंगाखाली पाहिलं, तर मागचा छापही तेवढाच सरकलेला. आणि टांकसाळीचे असे ठसे काही कारखान्यात मिळत नसतात.

"ताई, मी चुकलो. अस्सल आहे हे. पण एवढं चकाकतंय कसं?"

"दर दिवाळीला चिंच-राखेनं घासते ना! देवाचं आहे."

मी कपाळाला हात लावला. "अहो, मूळची झिलई गेली की नाणी जमवणारे हौशी लोक हात लावत नाहीत. किंमतच गेली."

"मला कुठं विकायचंय? भावजी बाहेर रिक्षात बसलेत. त्यांना एवढं सांगाल?"

दीर आत आला. मी त्याच्यासमोर नाणं पुन्हा काट्यावर ठेवलं, सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं वाकून आकडा वाचला.

"दादानं मला किती हौसेनं दाखवलं होतं," तो म्हणाला. "आणि मी सगळ्यांसमोर हसलो त्याला."

त्यानं नाणं उचललं आणि सवयीनं शर्टाच्या टोकाला पुसायला घेतलं.

"घासू नका!" बाई आणि मी एकदमच ओरडलो.

तो दचकला, मग हसला. डोळे भरलेलेच होते. मी पारदर्शक प्लास्टिकची गोल डबी दिली. नाणं कडेनं धरायचं, ओला हात लावायचा नाही, हळदकुंकू डबीवरच वाहायचं, हेही सांगितलं. त्यानं कडेनं धरून नाणं आत ठेवलं.

"वहिनी, यंदा चौरंगावर मी मांडतो."

डबीचे पैसे मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून काटा माझ्या हाताशी असतो. आधी वजन, मग तोंड.