भेगेवरची सैल पाइपलाइन

माझा मामा पाणीपुरवठ्यात फिटर. सगळे त्याला पक्कड म्हणायचे. त्याने आवळलेला नट कुणाच्या बापाला सुटायचा नाही. घरात बरणीचं झाकणसुद्धा असं लावायचा की मामी शेजाऱ्यांना हाका मारायची.

शहराला पाणी आणणारी मोठी पाइपलाइन एकच, आणि ती डोंगराच्या पायथ्याशी एक भेग ओलांडून येते. साधीसुधी भेग नव्हे. तिच्या अलीकडची जमीन एकीकडे आणि पलीकडची दुसरीकडे सरकू बघते. वर्षानुवर्षं दोघी अडून बसतात, मग एका हिसक्यात सरकतात. तोच भूकंप. मागच्या हिसक्यात लाइन तुटली ती नेमकी मामाच्या जोडावर. शहर टँकरवर आलं. "पक्कड ढिली पडली," असं लोक तोंडावर म्हणायचे. मामा पुढचा नट आणखी आवळायचा.

नवी लाइन टाकताना भूगर्भशास्त्राच्या एक बाई आल्या. भेगेला आडवा चर खणून त्यांनी मामाला आत उतरवलं. मातीत गाडल्या गेलेल्या जुन्या दगडी बांधाचा पाया सरळ येत होता, भेगेपाशी तुटला होता आणि हातभर बाजूला सरकून पुढे निघाला होता.

"दादा, ही जमीन आवळता येईल?"

"जमिनीला कुठला नट, बाई!"

"मग इथे पाइपलाही आवळू नका. त्याला जमिनीबरोबर सरकू द्या."

भेगेवर पाइप उघड्यावर, नागमोडी, घसरत्या बैठकांवर नुसता ठेवायचा होता. त्याला धरणारे वरचे लोखंडी पट्टे सैल. मामाने मान डोलावली आणि बाईंची पाठ वळताच सवयीने सगळे पट्टे करकचून आवळले.

बाई परत आल्या. "हे कुणी केलं?"

"हात माझेच."

"सोडवा मग त्याच हातांनी."

दाढ उपटताना करावं तसं तोंड करून मामाने एकेक पट्टा सोडवला. घरी हे कळल्यावर मामी म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी सैल सोडलंत!"

पुढे एकदा भर दुपारी जमीन हादरली. लोक मोकळ्या मैदानाकडे पळाले, मामा भेगेकडे.

जमीन दोन हात सरकली होती. पायवाटेचे दोन तुकडे झाले होते. पाइपची वळणं ताणली गेली होती, बैठका घसरून पार कडेला टेकल्या होत्या, रंग खरवडून निघाला होता. मामाने गुडघ्यांवर रांगत प्रत्येक जोड चाचपला. एकही ओला नव्हता. पाइपला कान लावला तर आत पाणी घों घों करत शहराकडे निघालेलं.

खाली बाजारातून काळा धूर उठला होता. बघता बघता तो पांढरा झाला. बंबवाल्यांना पाणी मिळालं होतं.

तेवढ्यात मामीचा फोन. "आम्ही सगळे धड आहोत, अंगणात बसलोय. पण आतला नळ उघडाच राहिलाय हो! बादली भरून पाणी उंबऱ्याबाहेर आलंय. जाऊन बंद करू?"

"आत पाऊल टाकायचं नाही!" मामा ओरडला. मग पाइपवर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "वाहू दे गं. आज खुशाल वाहू दे."